जवळ्यातला निळा धागा: माशात प्लास्टिक साचतं म्हणजे नेमकं काय होतं?

सुका जवळा निवडायला बसलं की त्यात काय काय निघतं. काडी, शिंपल्याचा टवका, एखादी इवलीशी चिंबोरी, वाळू. मागच्या महिन्यात आत्याकडे गेलो होतो, तेव्हा ती परात मांडीवर घेऊन हेच करत होती. मधेच थांबली आणि चिमटीत एक निळा धागा धरून माझ्यापुढे केला. ओढला तरी तुटेना. जाळ्याचा असेल, दोरीचा असेल, ताडपत्रीचाही असेल. "हेच का रे ते मायक्रोप्लास्टिक? मोबाइलवर आलंय, मासे खाऊ नका म्हणून." तिला जवळा टाकवत नव्हता आणि तो मेसेजही डोक्यातून जात नव्हता.

आम्ही धागा पट्टीवर ठेवून मोजला. चांगला सेंटिमीटरभर होता. शास्त्राच्या हिशेबात तो मायक्रोप्लास्टिक ठरत नाही, फार मोठा आहे. पण तिचा प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देता येत नाही. म्हणून हा लेख.

मायक्रो म्हणजे किती मायक्रो?

पाच मिलिमीटरपेक्षा लहान असलेल्या प्लास्टिकच्या कुठल्याही तुकड्याला मायक्रोप्लास्टिक म्हणतात. तुरीच्या डाळीचा दाणा साधारण तेवढा असतो. तिथून जे खाली उतरत जातं ते पार डोळ्यांना न दिसण्याइतकं लहान होतं. त्याच्याही खालची पायरी नॅनोप्लास्टिकची. मिलिमीटरचे हजार भाग केले की एक भाग म्हणजे एक मायक्रोमीटर. आपला केस साधारण सत्तर मायक्रोमीटर जाड असतो. एका मायक्रोमीटरपेक्षाही लहान कण ते नॅनोप्लास्टिक. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक छोटा शोधनिबंध लिहिला, तेव्हापासून हा शब्द जगभर रुळला.

आकाराचा हा पल्ला लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. 'वाटेत दगड आहे' एवढंच कुणी सांगितलं, तर तो चपलेत जाणारा खडा की घाटात कोसळलेली दरड हे कळत नाही. 'माशात मायक्रोप्लास्टिक सापडलं' या बातमीचं तसंच आहे. आकार, संख्या आणि माशाचा कुठला अवयव, या तीन गोष्टी नसतील तर ती बातमी घाबरवते, पण काही सांगत नाही.

हे कण दोन तऱ्हेने तयार होतात. काही जन्मतःच लहान असतात, उदाहरणार्थ कारखान्यात बादल्या-डबे बनवण्यासाठी लागणारे साबुदाण्यासारखे कच्च्या प्लास्टिकचे दाणे. बाकीचे मोठ्या वस्तूंचा चुरा होऊन बनतात. पावसाळ्यासाठी छपरावर घातलेली निळी ताडपत्री दोन उन्हाळे तशीच राहिली तर काय होतं ते पाहिलंय ना? घडी घालायला गेलं की ती कडकड मोडते आणि हाताला निळी भुकटी लागते. लाकडाचा भुसा कुजतो, पानाचा चुरा कुजून माती होते. ताडपत्रीची भुकटी मात्र भुकटीच राहते, फक्त आणखी बारीक होत जाते.

मोरीपासून खाडीपर्यंत

समुद्रातलं प्लास्टिक म्हटलं की चौपाटीवरच्या बाटल्या आणि पिशव्या आठवतात. पण सगळ्यात घरगुती वाट आहे ती कपड्यांची. टेरिलीन, पॉलिएस्टर, ॲक्रिलिक हे सगळं प्लास्टिकचंच सूत. प्लिमथमध्येच २०१६ मध्ये कपडे मशीनला लावून मोजणी केली, तेव्हा ॲक्रिलिक कपड्यांच्या सहा किलोच्या एका घाण्यातून सात लाखांहून जास्त तंतू पाण्यात सुटू शकतात असं दिसलं. स्वेटर, शाली, पंजाबी ड्रेस, इस्त्री न लागणारी साडी: सगळ्यांचा थोडाथोडा अंश मोरीतून गटारात जातो. दुसरी मोठी वाट टायरची. टायर झिजतो म्हणजे त्याचा कीस रस्त्यावर उरतो आणि पहिल्या पावसाच्या लोटाबरोबर नाल्यात उतरतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१७ मध्ये असा अंदाज मांडला की, सुरुवातीपासूनच बारीक स्वरूपात समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी साधारण ३५ टक्के कपडे धुण्यातून आणि २८ टक्के टायरच्या झिजेतून येतं.

नाला नदीला मिळतो. समुद्रात प्लास्टिक ओतणाऱ्या नद्यांच्या जागतिक अभ्यासात आपल्या अंगणातली एक नदी फार वर दिसते: उल्हास. राजमाचीच्या डोंगरात उगम, कर्जत, बदलापूर, उल्हासनगर, कल्याण करत वसईच्या खाडीत शेवट. लांबी जेमतेम सव्वाशे किलोमीटर. आधी समज असा होता की जगातल्या दहा-बारा महाकाय नद्याच बहुतेक प्लास्टिक समुद्रात ओततात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तो मोडला. हजाराहून अधिक नद्या मिळून ८० टक्के प्लास्टिक वाहून नेतात आणि त्यातही समुद्राजवळच्या दाट शहरांमधून जाणाऱ्या लहान नद्यांचा वाटा मोठा आहे, असं त्यात दिसलं. कारण साधं आहे. कचरा पडतो तिथून समुद्र हाकेच्या अंतरावर असेल आणि वर चार महिने धो धो पाऊस असेल, तर कचऱ्याला वाटेत अडकायला जागाच मिळत नाही.

गोड्या पाण्याची कथा थोडी निराळी. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनी धरणात जातं. नदी वाहती असते, धरण थांबलेलं. वाहत्या पाण्याने आणलेला गाळ जसा धरणात तळाला बसतो, तसे जड कणही बसतात. हलके कण तरंगत राहतात, त्यांच्यावर शेवाळ धरलं की तेही जड होऊन खाली जातात. म्हणजे समुद्रात जे पसरतं ते तलावात आणि धरणात जागच्या जागी राहतं. भिगवणला ताटात येणारी चिलापी किंवा कटला याच पाण्यात वाढते. केरळच्या वेंबनाड या निमखाऱ्या तलावाच्या तळाचा गाळ तपासला तेव्हा एका चौरस मीटरमध्ये सरासरी अडीचशेच्या आसपास कण मिळाले होते. हा अभ्यास २०१७ चा. जास्त वाटा होता पातळ पिशव्यांच्या प्लास्टिकचा.

आणि अपघात वेगळेच. मे २०२१ मध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल नावाचं मालवाहू जहाज पेटलं आणि पुढे बुडालं. त्यातून सुमारे १,६८० टन कच्चे प्लास्टिकचे दाणे समुद्रात सांडले. चार वर्षांनी, २५ मे २०२५ ला, कोचीजवळ आणखी एक जहाज बुडालं आणि तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावर लोकांनी चाळण्या घेऊन वाळूतून पांढरे दाणे वेचले. गोव्याच्या किनाऱ्यांवरही असे दाणे पावसाळी वाऱ्यांबरोबर येऊन लागतात, हे तिथल्या संशोधकांनी कितीतरी आधीच नोंदवलं होतं.

मासा ते खातोच कशाला?

माशाला कळत नाही का, असं आत्याने विचारलं. कळायला हवं तर निवडायला वेळ हवा. बांगडा कसा जेवतो ते पाहिलं तर हे लक्षात येतं. तो तोंड उघडं ठेवून थव्याने पाण्यात घुसतो. पाणी कल्ल्यांवाटे बाहेर जातं आणि कल्ल्यांच्या आतल्या बाजूला असलेल्या बारीक कंगव्यासारख्या दातांत सूक्ष्म जीव अडकतात. तेच त्याचं जेवण. चहाच्या गाळणीला चहाची पूड आणि त्यात पडलेली मुंगी यात फरक करता येत नाही. बांगड्याच्या गाळणीचंही तसंच.

काही मासे मात्र ओढले जाऊन खातात. पाण्यात काही आठवडे राहिलेल्या प्लास्टिकवर शेवाळ आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो आणि त्याला खाद्यासारखा वास येऊ लागतो. २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मत्स्यालयात मांदेलीच्या कुळातल्या अँकोव्ही माशांच्या थव्यापुढे अशा प्लास्टिकचा नुसता वास असलेलं पाणी सोडलं. मासे खाद्य शोधताना वागतात तसेच वागू लागले. स्वच्छ, नव्या प्लास्टिकच्या वासाने तसं झालं नाही.

तिसरी वाट भक्ष्यातून. बोंबील जवळा खातो. जवळ्याच्या पोटात जे असेल ते बोंबलाच्या पोटात जातं.

किती मासे असं खातात? २०२१ मध्ये जगभरच्या अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली. ५५५ जातींचे पावणेदोन लाखांच्या आसपास समुद्री मासे त्यात होते. त्यातल्या २६ टक्के माशांच्या पोटात प्लास्टिक मिळालं. म्हणजे चारांतला एक. हे प्रमाण वर्षागणिक वाढतं आहे, त्यातला काही भाग आपल्याला आता जास्त बारीक बघता येतं म्हणूनही वाढलेला आहे.

'साचतं' हा शब्द जपून वापरायला हवा

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे, म्हणून इथे जरा रेंगाळू या.

आपण पाऱ्याबद्दल ऐकलेलं असतं. पारा माशाच्या मांसात मुरतो आणि फार हळू बाहेर पडतो. लहान मासा थोडा पारा घेतो, मोठा मासा असे शंभर लहान मासे खातो, त्याहून मोठा त्याला खातो. वरच्या माशापर्यंत पोहोचेस्तोवर पाऱ्याचं चक्रवाढ व्याज होतं. म्हणून गरोदर बाईने मोरी म्हणजे शार्क, किंवा तसे मोठे शिकारी मासे जपून खावेत असं सांगतात.

प्लास्टिकही असंच चढत जात असणार, असं बहुतेकांनी गृहीत धरलं. मोजल्यावर तसं दिसलं नाही. २०२० मध्ये झालेल्या एका मोठ्या आढाव्यात असं आढळलं की प्रत्येक पायरीवरच्या जीवांत प्लास्टिक आढळतं, पण वरच्या पायरीवर ते वाढत गेल्याचं चित्र नाही. कारण डोळ्यांना दिसणारे बहुतेक कण आतड्यातून पुढे सरकतात आणि विष्ठेबरोबर बाहेर पडतात. पारा माशाच्या घरात भाडेकरू म्हणून शिरतो आणि घर बळकावतो. प्लास्टिकच्या बहुतेक कणांसाठी मासा ही धर्मशाळा आहे: आज उतरले, उद्या निघाले, आणि त्यांच्या जागी नवे आले. तलाव किंवा खाडी जितकी घाण, तितकी धर्मशाळा कायम भरलेली.

पण सगळेच पाहुणे निघत नाहीत. लांब तंतू एकमेकांत अडकून आतड्यात गुंता करतात, लहान माशात तो गुंता जेवणाची जागा अडवतो आणि मासा उपाशी असून पोट भरल्यासारखा वागतो. दुसरे न निघणारे पाहुणे म्हणजे अतिसूक्ष्म कण. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये जी मर्यादा मांडली ती अशी: साधारण १५० मायक्रोमीटरपेक्षा मोठा कण आतड्याची भिंत ओलांडत नाही, त्याहून लहान काही कण ओलांडू शकतात, आणि खोलवरच्या अवयवांत पोहोचायचं तर दीड मायक्रोमीटरपेक्षाही लहान असावं लागतं. १५० मायक्रोमीटर म्हणजे आपले दोन केस शेजारी ठेवले तेवढी रुंदी.

या अतिसूक्ष्म कणांचं काय होतं हे स्वीडनमधल्या एका प्रयोगात दिसलं. शेवाळाला नॅनोप्लास्टिक दिलं, ते शेवाळ पाणपिसवा नावाच्या पाण्यातल्या इवल्याशा जीवांनी खाल्लं, पाणपिसवा कार्प माशाने खाल्ल्या. कण माशाच्या मेंदूत पोहोचले आणि त्या माशांची खाण्याची, फिरण्याची रीत बदलली. २०१७ चा हा प्रयोग टाकीतला आहे आणि त्यातले कणही प्रयोगशाळेत बनवलेले आहेत. तरीही 'सगळं बाहेर पडतं' म्हणून निर्धास्त होता येत नाही ते यासाठी.

माझ्या मते भीती ज्याची वाटायला हवी ते हे न दिसणारं टोक आहे. बातम्यांत फोटो मात्र दिसणाऱ्या टोकाचे असतात.

मग आपल्या ताटातलं काय?

आतापर्यंत जे प्लास्टिक सापडलं आहे, त्यातलं बरंचसं माशाच्या आतड्यात आणि कल्ल्यांत. मांसात सापडतं, पण सहसा बरंच कमी. आपण सुरमई, पापलेट, रावस, कटला खातो तेव्हा कोळीणबाई कल्ले आणि पोटातली घाण आधीच काढून टाकते. कोयत्यावर तो मासा चिरताना जे ती बाजूला भिरकावते, त्यातच बहुतेक कण गेलेले असतात.

अडचण आहे ती अख्ख्या खाल्ल्या जाणाऱ्या जिवांची. जवळ्याचं पोट कोण साफ करणार? तिसऱ्या, कालवं, शिणाणे हे तर समुद्राचे गाळणारेच जीव. एकाच जागी बसून दिवसभर पाणी आत घेतात, गाळतात, सोडतात, आणि आपण त्यांना पोटासकट खातो. गोव्यात दक्षिणेकडे साळ नदी समुद्राला मिळते तिथे दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पाणी, तळचा गाळ, शिंपले आणि मासे असे सगळे तपासले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात या सगळ्यांत मायक्रोप्लास्टिक सापडलं. तपासलेल्यांत कालवं आणि तिसऱ्या होत्या, शेवटो आणि काळुंदरही होती. गोव्याच्या कुठल्याही घरात शिजतं तेच.

सुक्या मासळीबद्दल एक इशारा. मलेशियात २०१७ मध्ये बाजारातल्या सुक्या माशांच्या चार जाती तपासल्या, तेव्हा काहींच्या पोटातल्या अवयवांपेक्षा साफ केलेल्या मांसातच जास्त कण मिळाले. म्हणजे 'पोट काढलं, विषय संपला' असं सुक्या मासळीच्या बाबतीत म्हणता येत नाही. सुकवण्याची जागा आठवली तर हे पटतं. आपल्याकडेही मासळी कुठे सुकते? वाळूवर, जुन्या जाळ्यांवर, ताडपत्रीवर. आत्याच्या धाग्याचा उगम पोटातला असण्यापेक्षा या अंथरुणातला असण्याचीच शक्यता मला जास्त वाटते.

"आठवड्याला एक क्रेडिट कार्ड पोटात जातं म्हणे!"

हे वाक्य २०१९ पासून फिरतं आहे. माणूस आठवड्याला पाच ग्रॅम प्लास्टिक गिळतो, असा तो अंदाज. २०२१ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी मासे, मीठ, पाणी, हवा असे वेगवेगळे मार्ग धरून पुन्हा हिशेब केला, तेव्हा प्रौढ माणसासाठी आकडा आला आठवड्याला सुमारे चार मायक्रोग्रॅम. मिठाचा एक कण साधारण साठ मायक्रोग्रॅमचा असतो. त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. दोन अंदाजांत दहा लाख पटींचा फरक!

एवढा फरक पडतो कसा? मोजलेली असते कणांची संख्या, आणि वजन असतं अंदाजाने काढलेलं. खडीसाखरेचा एक खडा कुटला तर हजार कण होतात, वजन मात्र तेवढंच राहतं. प्रत्येक कण खड्याएवढा धरून हजाराने गुणलं की साखरेचं पोतं तयार. म्हणून 'इतके लाख कण' असा आकडा दिसला की आधी विचारावं, केवढे कण? जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरमध्ये सरासरी दोन लाख चाळीस हजार कण सापडल्याची बातमी आली. खरी होती. त्यातले नव्वद टक्के नॅनो आकाराचे होते. वजनाने नगण्य, पण आतड्याची भिंत ओलांडू शकतील असे नेमके तेच.

"प्रयोगशाळेतच प्लास्टिक मिसळलं गेलं नसेल कशावरून?"

ही शंका रास्त आहे आणि चांगले संशोधक ती स्वतःच आधी घेतात. पद्धत अशी: माशाचं आतडं किंवा मांस दाहक पोटॅशच्या द्रावणात ठेवतात. एक-दोन दिवसांत मांस विरघळतं, प्लास्टिक तसंच राहतं. ते द्रावण बारीक गाळणकागदातून गाळायचं, कागद सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, आणि संशयित कणावर प्रकाश टाकून तो कुठलं प्लास्टिक आहे हे ओळखायचं. हे करताना सुती कोट घालतात, भांडी काचेची वापरतात, आणि शेजारी मासा न घातलेली एक रिकामी बशी तशीच उघडी ठेवतात. त्या बशीत जे पडेल तेवढं हवेतून आलं असं धरून वजा करायचं.

ज्या अभ्यासांत अशी ओळख पटवली नाही, नुसतं सूक्ष्मदर्शकातून बघून 'तंतू दिसला' म्हटलं, त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नये. २०२० मध्ये महासागरांच्या पृष्ठभागावरच्या पाण्यातून गोळा केलेल्या तंतूंची रासायनिक ओळख पटवली, तर जेमतेम ८ टक्के प्लास्टिकचे निघाले. बाकी बहुतेक कापूस आणि तत्सम वनस्पतिजन्य सूत, थोडी लोकर. रंगवलेला सुती धागा आणि पॉलिएस्टरचा धागा डोळ्यांना सारखेच दिसतात.

हवेचं म्हणाल तर दुपारी खिडकीतून कवडसा पडतो त्यात नाचणारी धूळ पाहा. त्यात गादी, पडदे, सोफा, कपडे यांचे तंतू असतात. स्कॉटलंडच्या संशोधकांनी २०१८ मध्ये रात्रीच्या जेवणाच्या वेळेत ताटात पडणारी धूळ मोजली. वर्षभरात शिंपले खाऊन पोटात जातील त्यापेक्षा कितीतरी जास्त तंतू ताटावर नुसते हवेतूनच पडत होते.

"म्हणजे घाबरण्यासारखं काहीच नाही?"

असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या अहवालात म्हटलं की माणसाच्या आरोग्यावर काय परिणाम होतो हे ठरवायला हाती असलेला पुरावा अपुरा आहे. पुरावा अपुरा असणं आणि धोका नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे एस्बेस्टॉसचे पत्रे किती वर्षं घराघरांवर होते ते आठवा.

काळजीचं एक कारण प्लास्टिकला चिकटून येणारी रसायनं. पाण्यातली तेलकट, विषारी रसायनं प्लास्टिकवर गोळा होतात. जपानमध्ये २००१ मध्ये दिसलं की समुद्रातल्या दाण्यांवर पीसीबी नावाच्या विषारी रसायनाचं प्रमाण भोवतालच्या पाण्याच्या लाखो पट असू शकतं. २०१३ मध्ये अमेरिकेत मेडाका नावाच्या छोट्या माशांना दोन महिने असं समुद्रात राहिलेलं प्लास्टिक खाऊ घातलं, तर त्यांच्या यकृतावर ताण दिसला. मात्र माणसाच्या ताटापर्यंत हा हिशेब आणला की तो बराच उतरतो. युरोपच्या त्याच अन्नसुरक्षा संस्थेने सव्वादोनशे ग्रॅम शिंपल्यांच्या ताटाचा सगळ्यात वाईट अंदाज केला: सुमारे ९०० कण, सात मायक्रोग्रॅम प्लास्टिक, आणि त्यातून एरवीच्या आहारातून जाणाऱ्या पीसीबीत ०.००६ टक्क्यांहूनही कमी भर.

दुसरं कारण नवं आहे. मार्च २०२४ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी मानेच्या रक्तवाहिनीतून शस्त्रक्रियेने काढलेला चरबीचा थर तपासला. २५७ रुग्णांपैकी १५० जणांच्या थरात पॉलिथिलीन, म्हणजे पिशव्यांचं प्लास्टिक, सापडलं. पुढच्या सुमारे तीन वर्षांत त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका इतरांच्या साडेचार पट दिसला. प्लास्टिकमुळेच तसं झालं हे यातून सिद्ध होत नाही, कदाचित ज्यांची रक्तवाहिनी आधीच जास्त बिघडली तिथे ते जास्त अडकलं असेल. आणि ते माशातून आलं असंही कुणी म्हटलेलं नाही. पण अशी नोंद डोळ्याआड करण्यासारखी नसते.

"मग मासे सोडायचे का?"

मी सोडलेले नाहीत आणि आत्यालाही सोडू दिले नाहीत. माशातून मिळणारी प्रथिनं आणि चांगली चरबी यांचा फायदा पुराव्यानिशी माहीत आहे. प्लास्टिकचे कण मासे सोडूनही पाण्यातून, मिठातून, हवेतून येतच राहणार. आणि जवळा, मांदेली, सुकट हे किनाऱ्यावरच्या कमी पैशातल्या घरांचं अन्न आहे. 'खाऊ नका' म्हणणारा मेसेज पुढे ढकलणाऱ्याला त्याची जागा भरून काढणारा दुसरा पदार्थ त्या भावात देता येत नाही.

करता येईल ते इतकंच: मोठ्या माशाची आतडी आणि कल्ले नीट काढा. तिसऱ्या वाळू जावी म्हणून काही घरांत मिठाच्या पाण्यात ठेवतात, ती सवय चांगली आहे, जिवंत शिंपले स्वच्छ पाण्यात पोटातला थोडा भाग बाहेर टाकतात. जवळा, सुकट दोन-तीन पाण्यांतून धुवा. गरम कालवण प्लास्टिकच्या डब्यात भरू नका, ते माशापेक्षाही सोपं आहे टाळायला.

"जाळी तर कोळ्यांचीच ना?"

हा आरोप मी बरेचदा ऐकतो आणि त्याचा मला राग येतो. आजची जाळी नायलॉनची, दोर प्लास्टिकचे, बर्फाच्या पेट्या थर्माकोलच्या, हे खरं. तुटलेली जाळी समुद्रात झिजते आणि तिचे तंतू होतात, हेही खरं. पण सुती आणि अंबाडीची जाळी जाऊन नायलॉन आलं ते शासनाच्या प्रोत्साहनाने, आणि टिकतं म्हणून आलं.

डोलजाळं पाहिलंय का? भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड करून खुंटाला बांधलेलं, शंकूसारखं लांबलचक जाळं. मासा प्रवाहाबरोबर आत येतो आणि शेवटच्या बारीक विणीच्या खोळीत अडकतो. प्रवाहाबरोबर जे जे येतं ते सगळं तिथे अडकतं. मुंबई-वसईच्या किनाऱ्यावर पावसानंतर ही खोळ होडीत रिकामी केली की बोंबील आणि जवळ्यात पिशव्या, वेष्टनं, थर्माकोलचे गोळे, सगळं एकजीव होऊन बाहेर येतं. तो ढीग हाताने निवडायचा. त्यात तास जातात, मासळी चेंबते, भाव पडतो. शहराने नाल्यात टाकलेल्या कचऱ्याची पहिली किंमत हा माणूस मोजतो. निवडलेला कचरा त्याने बंदरावर आणला तर घ्यायला कुणी नसतं, म्हणून तो बरेचदा पुन्हा समुद्रात जातो. केरळने २०१७ मध्ये कोल्लमजवळच्या नीण्डकराला नेमकं हेच सोडवलं: होड्यांना पिशव्या दिल्या, जाळ्यात आलेलं प्लास्टिक बंदरावर उतरवून घेतलं, बायकांना ते धुऊन निवडण्याचं काम दिलं आणि चुरा रस्त्याच्या डांबरात वापरला. ससून डॉक, अर्नाळा, हर्णै, मालवण इथे हे का होऊ नये, याला मला एकही चांगलं कारण सापडत नाही.

पाण्यात पडलेला कण परत काढता येत नाही

समुद्रातून मायक्रोप्लास्टिक गाळून काढायचं म्हटलं तर त्याबरोबर माशांची अंडी आणि सूक्ष्म जीवही गाळले जातील. म्हणून जे करायचं ते वरच्या अंगाला. सांडपाणी प्रक्रिया केंद्र नीट चाललं तर त्यात येणारे बहुतेक कण तळच्या गाळात अडकतात. अर्थात तो गाळ खत म्हणून शेतात टाकला तर कण शेतात जातात, म्हणजे गाळाचाही विचार हवा. फ्रान्सने २०२० च्या कायद्यात नव्या वॉशिंग मशीनना तंतू अडवणारी जाळी बसवण्याची तरतूद केली. अमेरिकेने २०१५ मध्ये साबण आणि फेसवॉशमधल्या प्लास्टिकच्या मण्यांवर बंदीचा कायदा केला. महाराष्ट्रात २३ जून २०१८ पासून प्लास्टिक बंदीची अंमलबजावणी सुरू झाली, देशभर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर. भाजीवाल्याकडे पातळ पिशवी आजही मिळते, हे मी कुणाला सांगायला नको. प्लास्टिकचं उत्पादनच आवरायचं का, यावर देशांचं एकमत न झाल्याने जागतिक करारासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हाला झालेली बैठकही कराराविना उठली.

आत्याने त्या दिवशी जवळा तीन पाण्यांतून धुऊन कांदा-कोकम घालून केला आणि आम्ही तो भाकरीबरोबर खाल्ला. गेल्या रविवारी तिने तिसऱ्या आणल्या आणि दोन तास मिठाच्या पाण्यात ठेवल्या. पाणी ओतून देताना तळाशी चमचाभर वाळू होती, आणि वाळूत एक पातळ, पारदर्शक तुकडा. तिसरीच्या पोटातला की शिंपल्यांच्या सांदीतला, सांगता येणार नाही. तिने पट्टी काढून ठेवलीच होती. तीन मिलिमीटर. "हा बसतो ना तुझ्या हिशेबात?" तिने विचारलं. बसत होता.